सोमीमावशीची बेरीज

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो की कुणाचं वर्षश्राद्ध, दुपारची जेवणं उरकली की सतरंजीवर लवंडलेल्या मंडळींतून कुणीतरी म्हणतंच, अण्णा, ती सोमीमावशीची सांगा. मी रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा पानाचं देठ खुडत सुरू करतो. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरी शिकवलेला माणूस मी. समोर दहा माणसं बसलेली दिसली की तोंड आपोआप उघडतं.

गोष्ट मी दरवेळी साहेबांच्या फजितीपाशी आणून थांबवतो. तिथं हशा येतो, आणि हशा आला की थांबावं एवढी अक्कल मला आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, कारण काही वेळा ती तिथं होती. पण ती मेली तरी चारचौघांत बोलायची नाही, आणि मी आजवर तिच्या त्या गुणावरच इज्जतीत जगलो.

शाळा टोकावड्याच्या पुढं, घाटाच्या अंगाला. दोन खोल्या, एक पडवी आणि मागं खिचडी शिजवायला पत्र्याची शेड. मी मुरबाडहून मोटारसायकलनं जायचो. सोमीमावशी वाडीतली, म्हणजे गावाच्या कडेला नाल्यापलीकडं जी वीस-बावीस खोपटी आहेत तिथली. त्या वाडीत कुणाच्या नावावर वाफाभर जमीन नव्हती. भाताची कापणी-झोडणी संपली की अर्धी वाडी वीटभट्टीवर निघून जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. मावशी मात्र जात नसे, कारण तिला शाळेची खिचडी शिजवायची असे. आणि मावशी राहते म्हणून पाच-सहा घरची पोरंही मागं राहत. आईबाप भट्टीवर जाताना पोराला तिच्या खोपटात ठेवून जात. शाळेचा हिवाळ्यातला पट म्हणजे मावशीचं खोपटं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मी अहवालात 'पालकांचे प्रबोधन केले' असं लिहीत असे.

दिसायला लहानशी, चिंचेच्या वाळल्या काटकीसारखी. पदर कंबरेला घट्ट खोचलेला, डाव्या हाताचा अंगठा कधीतरी भाजून आखडलेला. खिचडीचं मीठ ती चाखून बघत नसे, पातेल्यावर वाकून वास घ्यायची आणि सांगायची, चिमूटभर कमी हाय. पोरांच्या आधी आपलं तोंड लागता कामा नये, हा तिचा नेम. अंदाज चुकलेला मला आठवत नाही. माझं डब्यातलं कालवण मात्र ती उघडपणे नावं ठेवून खायची. "वैनींनी घाईत केलं दिसतंय," एवढंच म्हणायची, आणि संध्याकाळी घरी हे सांगितलं की माझी खैर नसायची.

दुसरा नेम माणसांबद्दलचा. एकदा कुठलासा फॉर्म भरताना मी विचारलं, मावशी, मुलं किती? ती म्हणाली, हायेत. म्हटलं, हो, पण किती? पुन्हा, हायेत देवाच्या दयेनं. घरात माणसं किती, तर तेही, हायेत. शेवटी मी दोन्ही रकाने मोकळे सोडले आणि वर तालुक्याच्या कारकुनाची बोलणी खाल्ली. घरातली माणसं मोजायची नसतात, दृष्ट लागते, हे त्या वाडीत दुधपित्या पोरालाही माहीत होतं. सोळा वर्षं नोकरी झालेल्या गुरुजींना नव्हतं.

शिक्षणाचं म्हणाल तर ती लहानपणी दुसरीतून सुटलेली. अक्षरं तिनं शेडच्या खिडकीतून माझ्या वर्गाबरोबर पुन्हा गिरवली. वर्गात 'कमळ' चाललं असलं की मागून पातेल्यात डाव आपटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ एक जाडसर 'क-म-ळ' ऐकू यायचं. पोरं हसायची. ती पोरांपेक्षा मोठ्यानं हसायची.

वाढायच्या आधी तिचा एक खेळ असे. ओळीत बसलेल्या पोरांना विचारायची, पहिलीची सात नि दुसरीची पाच, मग ताटल्या किती काढू? ज्यानं चुकीचं सांगितलं त्याला पहिली खिचडी. मला हे अजब वाटलं. बरोबर सांगणाऱ्याला आधी द्यायला हवी की नाही? त्यावर तिचं उत्तर असं, की ज्याला जमलं त्याचं पोट भरलेलं असणार, न जमणाऱ्याचं रिकामं. भुकेल्या डोक्यात बेरीज शिरत नाय. झालं, आठवड्यात सगळी शाळा चुकीची उत्तरं द्यायला लागली. सात आणि पाच किती, तर कुणी म्हणे दोन, कुणी म्हणे शंभर. ताटल्या वाजवत तीच म्हणाली, "गाढवांनो, मला फसवायला तरी बरोबर उत्तर ठाव पायजे ना? मग ठाव हाय तुमाला." आणि उलट्या टोकानं वाढायला सुरुवात केली.

आता माझ्या बेरजेबद्दल. मी बेरीज शिकवायचो ती पुस्तकात असते तशी. आठ रेघा मारा, तीन रेघा मारा, सगळ्या मोजा. पोरं एकपासून मोजत निघायची, मध्येच एखादी रेघ दोनदा मोजायची, एखादी गाळायची आणि उत्तर दहाही यायचं, बाराही यायचं. पार्वती नावाची एक मुलगी होती. तिची पाटी म्हणजे नुसता रेघांचा पाऊस. आठ समोर दिसत असला तरी ती पुन्हा एक, दोन, तीन करत आठापर्यंत येई, तोवर दमून जाई. मी मणी आणले, काड्या आणल्या, स्वतः चाल लावून एक बेरजेचं गाणं म्हटलं. त्या गाण्याला गावातली कुत्रीसुद्धा उठून गेली. पार्वती काही एकावरून हलेना.

एके दिवशी मावशी तांदूळ निवडत पडवीत बसली होती. म्हणाली, "गुरुजी, त्या आठांना सारखं सारखं का उठवताय? बसलेत ना ते घरात."

मी म्हटलं, कोण बसलेत?

तिनं चुलीतला एक कोळसा आणून पडवीच्या फरशीवर आडवी रेघ ओढली. हा उंबरा. आठ पोरं रेघेच्या आत बसवली, तीन बाहेर उभी केली आणि पार्वतीला उंबऱ्यावर. "तू घरची बाय. घरात आठ हायेत, तुला ठाव हाय. घरची माणसं मोजायची नाय. आता पाहुणे येतील त्यांना मोज."

पार्वतीनं आतल्या पोरांकडं पाहिलंसुद्धा नाही. पहिलं पोर रेघ ओलांडून आत आलं तशी म्हणाली, नऊ. मग दहा. मग अकरा. आणि थांबली. मी इतकी वर्षं जे करू पाहत होतो ते तांदूळ निवडता निवडता झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तीन आणि नऊ दिले. पार्वतीनं नऊ आत बसवले. मी म्हटलं, अगं, तीन आधी आहेत. तर मावशी आतून म्हणाली, थोडे असतील ते पाहुणे, गुरुजी. घरातल्यांपेक्षा पाहुणे जास्ती आले तर वाढायचं कुणी? पुढं दहाची पंगत बसवून तिनं हातचासुद्धा समजावला. पावसाळा संपेपर्यंत पहिलीतली सगळी पोरं उंबऱ्यावर उभी राहून फटाफट बेरजा करू लागली. कुणाला रेघ लागेना, कुणाला मणी.

मग साहेब आले. अचानक तपासणी. त्यांनी नेमकं पार्वतीला उभं केलं आणि मायेनं विचारलं, बाळ, तुमच्या घरी माणसं किती? पार्वती गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. पार्वती खाली बघायला लागली. साहेब माझ्याकडं वळले, सर, हिला साधी घरातली माणसं मोजता येत नाहीत? तेवढ्यात खिडकीत डावासकट मावशी उगवली. "सायब, घरातली माणसं आमी नाय मोजत. तुमच्या घरचं इचारा, ते सांगंल ती."

साहेब गोंधळले. बरं, माझ्या घरी सात, चार पाहुणे आले, तर? त्यांचं वाक्य संपायच्या आत पार्वती म्हणाली, अकरा. आणि घरात सव्वीस असते तर? तीस, साहेब. साहेबांनी भराभर आकडे टाकले आणि ती भराभर उत्तरं देत गेली. शेवटी पार्वतीनंच विचारलं, साहेब, एवढे पाहुणे तुमच्याकडं रोज येतात का?

इथं हशा येतो. इथं मी थांबतो.

पुढं असं झालं. साहेबांनी विचारलं, हे शिकवलं कुणी? खिडकीत मावशी नव्हती, खिचडी करपू नये म्हणून ती परत फिरली होती. मी म्हणालो, "आपलं काहीतरी चालू असतं, साहेब." वाक्य बघा कसं बेतलेलं आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

साहेबांनी मला ते तालुक्याच्या शिक्षण परिषदेत दाखवायला सांगितलं. मी फलक रंगवून घेतला, 'उंबरठा पद्धती', खाली माझं नाव. पोरं मावशीशिवाय जीपमध्ये बसेनात, म्हणून तिलाही मुरबाडला नेलं. सभागृहात ती पोरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत दाराशी उभी राहिली. मला मंचावर जरा जास्तच चढलं होतं. त्या भरात मी तिघांना घरात बसवलं आणि आठ पाहुणे बाहेर ठेवले. पोरं जागची हलेनात. पार्वतीनं दाराकडं पाहिलं. मावशीनं दोन्ही हात फिरवून, उलटं करा, अशी खूण केली आणि पोरांनी मुकाट अदलाबदल केली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मुलांनी आपली आपण चूक दुरुस्त केली म्हणून. वर एका बाईंनी मुद्दाम उठून सांगितलं की सरांनी ती चूक जाणूनबुजून केली असावी. मी नम्रपणे हसलो.

मग कुणीतरी विचारलं, ही कल्पना सुचली कशी?

पंचवीस-तीस पावलांवर मावशी उभी होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण मी गोष्ट सांगणारा माणूस. मी माझ्या आईची गोष्ट सांगितली. माझी आई अडाणी, संध्याकाळी उंबऱ्यावर उभी राहून घरी येणाऱ्यांना कशी मोजायची, घरातल्यांना का मोजायची नाही, वगैरे. माझी आई खरं तर जेवणाच्या वेळी आम्हा भावंडांच्या डोक्यावर उलथन्यानं टोले देत एक-दोन-तीन मोजायची, आणि तिला कसलीही दृष्ट ठाऊक नव्हती. पण समोरच्या दोन शिक्षिकांनी डोळ्यांना पदर लावला. मला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळालं. पुढं जिल्ह्याच्या एका पुस्तिकेत ती पद्धत छापून आली, माझ्या नावानं आणि माझ्या आईच्या गोष्टीसकट.

परतताना जीपमध्ये मावशी माझ्या शेजारी होती, मांडीवर झोपलेली दोन पोरं. मी खिडकीबाहेर बघत होतो. वाटलं, आता बोलणार. आणि ती बोललीच.

"गुरुजी, तुमची आय पन असंच करायची?"

मी म्हटलं, हं.

"मंग बरं झालं. मला सारकं वाटायचं, आपुन अडाणी, पोरांना भलतंच कायतरी शिकवत असू." तिनं झोपलेल्या पोराचं डोकं नीट केलं. "आता जीव भांड्यात पडला."

ती चिडली असती तर मी काहीतरी बनवाबनवी केली असती, त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण तिनं विश्वास ठेवला. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी तिला श्रीफळ दिलं. तिनं दुसऱ्या दिवशी ते खिचडीत खवून घातलं.

दोन वर्षांनी पट कमी म्हणून आमची शाळा शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेला जोडली. मला तिथं जागा मिळाली. स्वयंपाकाला तिथं आधीच दोन बायका होत्या, त्यामुळं मावशीचं काम गेलं. पण त्याच सुमारास एक संस्था त्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांचा सराव घ्यायला गावातलीच बाई शोधत होती. शिक्षणाची अट नव्हती. फक्त पोरांना शिकवल्याचा कुणा गुरुजीचा कागद हवा होता.

मावशी मुरबाडला माझ्या घरी आली, पहिल्यांदाच. फडक्यात बांधून रानातली कर्टुली आणली होती, भाजीला. बायकोनं तिला चहा दिला आणि कालवणाचा जुना हिशेब हसत हसत चुकता केला. मग मावशीनं मला सांगितलं, तुमी एक कागद द्या. काम झालं तर मी ऱ्हाते. मी ऱ्हायले तर पोरं ऱ्हातील. नायतर यंदा समद्यांनाच भट्टीवर जावं लागंल.

एवढं सोपं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन जुन्या शाळेचं घरी राहिलेलं लेटरहेड घेतलं. 'सोमीबाई बाळू मुकणे यांनी' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. यांनी काय केलं? बेरीज शिकवली म्हणावं, तर कशी शिकवली ते लिहावं लागणार. ती संस्थाही शिक्षणातली, पुस्तिका त्यांच्याकडं असणार. कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवणार. भिंतीवर माझं प्रमाणपत्र होतं, चौकटीत. मी लिहिलं, 'यांनी सहा वर्षे शालेय पोषण आहाराचे काम स्वच्छतेने, वेळेवर व प्रामाणिकपणे केले. त्यांना मुलांची आवड आहे.' सही केली, शिक्काही मारला.

मला वाटलं होतं ती घडी घालून निघून जाईल. पण तिनं कागद मांडीवर पसरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. 'स्व-च्छ-ते-ने' ला दोनदा अडली. बायको दारात उभी होती. चहा निवून गेला. शेवटच्या ओळीखाली बोट पोचल्यावर मावशीनं कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"गुरुजी, यात बेरजेचं काय नाय."

मी म्हणालो, "मावशी, तसं लिहिता येत नाही. नियमात बसत नाही."

नियम या शब्दाला वाडीत कुणी उलट विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तो वापरला.

"बरं," ती म्हणाली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, बायकोला येते म्हणाली आणि एसटी स्टँडकडं चालू लागली. फाटकाचा आवाज झाल्यावर बायकोनं कपबशी उचलत विचारलं, "तुमच्या आईंनी हो तुम्हाला बेरीज कधी शिकवली?" उत्तराची वाट न बघता ती आत गेली. पुढं कितीतरी दिवस डब्यात कालवण फार चांगलं यायचं. त्यानंच घास उतरत नसे.

ते काम दहावी झालेल्या एका मुलीला मिळालं. दिवाळीनंतर मावशी लेकीच्या कुटुंबाबरोबर भट्टीवर गेली, आणि तिच्या खोपटात राहणारी पोरंही गेली. त्या साली नव्या शाळेत मी हजेरी घेताना वाडीतल्या नावांपुढं काही दिवस नुसता थांबायचो. मग तेही सोडलं. पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि शहापूर तालुक्यात, खर्डीच्या बाजूला आलो. घरच्यांना सांगितलं, बायकोचं माहेर जवळ पडतं.

गेल्या वैशाखात पुतण्याच्या लग्नाला आम्ही दोन गाड्या करून जुन्नरकडं निघालो होतो. टोकावड्याला एका ढाब्यावर सगळे चहाला उतरले. मागं चुलीवर भाकरी थापणारी बाई पाठमोरी होती, पण आखडलेला अंगठा मी ओळखला. मंडळी चहात गुंतलेली बघून मी एकटाच मागं गेलो.

ती उठायला लागली, मी बसवलं. केस पांढरे झाले होते. वैनी बऱ्या हायेत का, पोरगा काय करतो, सगळं विचारलं. पार्वतीचं लग्न झालं म्हणाली. मग परातीजवळ बसलेल्या दुसऱ्या बाईला सांगितलं, "हे आमचे गुरुजी. बेरीज शिकावी तर ह्यांच्याकडनं."

मी म्हणालो, "मावशी, ते तुमचं होतं. आईची गोष्ट मी बनवून सांगितली. माझ्या आईला त्यातलं काही येत नव्हतं."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो. दोन-तीन क्षण चांगलंच हलकं वाटलं.

तिचे हात पिठात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे. पोराचं उत्तर कुठं चुकलं ते शोधताना बघायची, तसं.

"मंग तवा कागदावर का नाय लिवलंत?"

पुढून पुतण्या हाका मारत होता, अण्णा, चला, उशीर होतोय. ती वाट बघत होती. मला एवढ्या गोष्टी येतात, त्यातली एकही तोंडाशी आली नाही. तव्यावरच्या भाकरीची कड करपल्याचा वास आला. तरी ती माझ्याकडंच बघत राहिली. मग खाली वाकली, ती भाकर उचलून बाजूला ठेवली, परातीतून नवा गोळा घेतला आणि थापायला लागली. मी गाडीत बसेपर्यंत चार वेळा मागं वळून पाहिलं. तिनं मान वर केली नाही.